माफीची तालीम

“‘कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर’ हे आधी खोडा,” ताई म्हणाली. “‘असतील तर’ कसलं, आप्पा? दुखावल्या आहेत.”

“खोडलं.”

“‘रागाच्या भरात’ पण नको. सबब सांगितल्यासारखं वाटतं.”

“मग उरलं काय?” आत्या खुर्चीत मागे रेलल्या. “‘मित्रहो’ आणि ‘धन्यवाद’. मित्रहो तरी चालेल ना बाई? की त्यात बायका येत नाहीत?”

“नाही येत,” ताई शांतपणे म्हणाली. “‘सहकाऱ्यांनो’ लिहा.”

आप्पांनी लिहिलं. सूनबाईला हसू आलं होतं, ते तिनं चहाच्या कपात सोडून दिलं. ताई काल आल्यापासून या घरात हसण्याआधी सगळे एकदा इकडेतिकडे बघत होते.

उद्या सकाळी भोंगा झाला की आप्पांना सगळ्या कामगारांसमोर उभं राहून हा कागद वाचायचा होता. नाही वाचला तर कामगार पत्रा ठोकायचे प्रेस सुरू करणार नव्हते. गेल्या आठवड्यात नव्या ऑपरेटरनं पत्रा अडकला म्हणून चालू प्रेसमध्ये हात घातला. आप्पा लांबून ओरडले, परत ओरडले, तो वळेना. शेवटी त्यांनी धावत जाऊन त्याला कॉलरला धरून मागे खेचलं, आणि ठोका पडला तो रिकाम्या साच्यावर. हात वाचला. पण त्यानंतर आप्पा जे बोलले ते अख्ख्या खात्यानं ऐकलं, कारण गडबड बघून बाकीचे प्रेस तोवर थांबले होते. “बहिरा आहेस का रे? बहिऱ्याला मशिनवर बसवलं कुणी?” खाली पडलेली त्याची टोपी कुणीतरी उचलून दिली, तेव्हा त्याच्या कानामागचं यंत्र सगळ्यांना दिसलं. कुणीतरी हसलं. ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीआधीच घरी गेला, तो परत आला नाही. आली ती तक्रार.

म्हणून ताईला, आप्पांच्या लेकीला, बोलावणं गेलं. मोठ्या कंपनीत असल्या तक्रारी निस्तरायच्या आणि लोकांना कसं बोलावं ते शिकवायचं हेच तिचं काम. ती आली ती बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, “तो शब्द आजपासून या घरात नको. घरात असला की कारखान्यात जातोच.” आणि कुणी विरोध केला नाही. आपल्याच तोंडाची भीती बसली होती सगळ्यांना.

सूनबाईचं अर्धं लक्ष कागदाकडे होतं, अर्धं हिरवळीच्या टोकाला. तिथे तिचा मुलगा टोपण बसला होता. भिंतीकडे तोंड, यांच्याकडे पाठ. कारखान्यातून आणलेली पत्र्याची झाकणं तो एकावर एक रचत होता, पडली की परत रचत होता. टोपण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो जन्मला त्या आठवड्यात कारखान्याला बाटल्यांच्या टोपणांची मोठी ऑर्डर आली आणि आत्यांनी दवाखान्यातच त्याचं नाव ठेवून टाकलं. ते चिकटलं ते चिकटलंच.

आतल्या खोल्यांत उकडत होतं म्हणून खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. ते एक सूनबाईला सकाळपासून टोचत होतं. गवतावर नको होतं. आत लाकडी जमीन होती.

हे तिला कळलं होतं पंधरवड्यापूर्वी, बागेत. तो पुढे चालला होता, रस्त्याच्या फाटकाकडे. तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग अशी मारली की बाकावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. तो आपल्या तंद्रीत फाटकातून बाहेर पडत होता, शेजारून सायकलवाला घंटी बडवत गेला तरी त्यानं मान हलवली नाही. तिनं धावत जाऊन त्याला उचललं आणि त्याच क्षणी तिला घरातली जमीन आठवली. घरात तो वळतो. कुणी खोलीत आलं की वळतो, दार आपटलं की वळतो, भांडं पडलं की वळतो. कानानं नाही. तळपायानं.

दुसऱ्या कुठल्या घरात हे वर्षापूर्वीच उघडं पडलं असतं. पण हे प्रेसवाल्यांचं घर. तीन पिढ्या ठणठणाटात गेलेल्या. आप्पांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे होते, आप्पा अर्धे झाले होते आणि तेवढंही कबूल करत नव्हते. या घरात कुणी कुणाला मागून हाक मारत नाही. समोर जायचं, तोंड दाखवायचं, हातानं सांगायचं. मूठ वर केली की थांब. अंगठा ओठाला लावला की चहा. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, काय उर्मट माणसं आहेत, दारातून एक हाक मारता येत नाही. मग तिलाही सवय लागली. आणि टोपण या सवयीतच वाढला. एका वर्षाचा असताना मोठा ताप आला, त्याआधी ‘मा’ म्हणायचा, ‘पा’ म्हणायचा. तापानंतर ते गेलं आणि त्याऐवजी हात आले. सगळे कौतुकानं म्हणाले, बघा, घराण्याचं रक्त.

तिनं बालवाडीच्या बाईंना फाटकाशी गाठलं होतं. बाई म्हणाल्या, “तो फार छान स्वतःत रमतो.” तिनं सरळच विचारलं, “त्याला ऐकू येतं का?” बाईंनी मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाहीये ना ते, आणि आवाज खाली आणला. “आम्ही तसं काही म्हणू शकत नाही हो. मागे एका आईला सुचवलं तर केवढं रामायण झालं.”

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आत्ता नको. आधीच घरात त्या एका शब्दावरून आग लागलीये. त्यात तू ताईसमोर हे काढलंस तर ती म्हणेल, पोराच्या कपाळावर शिक्का मारताय.”

दवाखान्यात न्यायला तिला कुणी अडवलं नव्हतं, हेही खरं. पण न्यायचं म्हणजे दारातल्या बाईला कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे ते तोंडातून बाहेर काढायचं. ती रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी त्याच्या पाठीमागे उभी राहून हळूच टाळी वाजवायची. एकदा वळला होता. तेव्हा खिडकीत तिची सावली पडली होती.

“आता हे वाक्य बघा,” नवरा कागदावर वाकला. कारखान्याची कचेरी तो सांभाळायचा, त्यामुळे हिशेबासारखी वाक्यंसुद्धा त्याला जुळवून हवी असत. “‘माझ्या शब्दांमुळे एका सहकाऱ्याचा अवमान झाला.’ हे ठीक आहे?”

“कोणता शब्द ते नाही म्हणायचं?” आप्पांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली.

“मग त्याला कळणार कसं मी कशाची माफी मागतोय?”

“त्याला माहितीये, आप्पा. सगळ्यांना माहितीये. परत उच्चारलात की परत लागेल.”

“जखम मांडीला आणि मलम शेंडीला,” आत्या पुटपुटल्या. पुटपुटणं म्हणजे या घरात शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. “आमच्या बापाला शेवटपर्यंत लोक बहिरट म्हणायचे. तो हसायचा. म्हणायचा, म्हणा बाबांनो, मला कुठं ऐकू येतंय.”

“ते हसायचे,” ताई म्हणाली. “मला शाळेत बहिरटाची नात म्हणायचे. मी हसत नव्हते. आजोबा मला घ्यायला आले की मी दुसऱ्या दारानं निघून जायचे. ते पुढच्या दाराशी उभेच राहायचे, शाळा रिकामी होईपर्यंत. हे कधी बोलले नाही मी, आज बोलते. तुम्हाला वाटतं मी नोकरीवरून काही फॅड घेऊन आलेय.”

आत्यांनी पदर सारखा केला.

“पण मला एक सांग,” आप्पा कागद मांडीवर ठेवून म्हणाले. त्यांचा आवाज आपसूक चढला होता. “त्यानं यंत्र टोपीखाली लपवलं कशाला? मला सांगितलं असतं तर मी त्याच्या प्रेसला लाल दिवा लावून दिला असता. हात गेला असता त्याचा. तो शब्द बाजूला ठेव, हात गेला असता.”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घेतलं असतं कामावर?”

नवऱ्यानं घसा साफ केला. काहीतरी सारवासारवीचं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर केला.

“नसतं घेतलं,” ते म्हणाले.

“मग त्याचं काय चुकलं?”

“लपवलं ते चुकलं. आणि लपवावं लागलं ते माझं चुकलं.” त्यांनी कागद उचलला. “हे आहे का ह्याच्यात कुठं?”

कागदात ते कुठेच नव्हतं. ताईनं हात पुढे केला आणि बराच वेळ ती ओळींवरून नजर फिरवत राहिली. आत्या सूनबाईकडे बघून भुवया उडवत होत्या, म्हणजे बघ, माझा भाऊ. सूनबाईनं मान हलवली, पण तिची नजर टोपणच्या पाठीकडे गेली होती. लपवलं ते चुकलं. हे जणू तिलाच कुणी बोललं होतं.

“एकदा सगळं वाचून दाखवा,” ताई म्हणाली. “उभं राहून. उद्या माईक नाही, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे.”

“खात्यात बोलतो तसं?”

“तस्सं.”

आप्पा उठले. खुर्च्यांच्या पुढे जाऊन, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, जणू समोर सगळे कामगार आहेत. टोपणची पाठ त्यांच्यासमोर होती, हातभर अंतरावर म्हटलं तरी चालेल. सूनबाई अर्धवट उठली. त्याला उचलून आत न्यावं, काहीतरी कारण सांगावं, दूध, झोप, काहीही. पण पाय हलले नाहीत, आणि मग तिला कळलं की ते हलू नयेत अशी तिचीच इच्छा होती.

“सहकाऱ्यांनो,” आप्पा म्हणाले.

चाळीस वर्षं प्रेसच्या आवाजावर आवाज चढवलेला माणूस. झाडावरची पाखरं उडाली. शेजारचं कुत्रं भुंकत कुंपणाशी आलं. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि शेजारीणबाईंचं डोकं बाहेर आलं, काय झालं म्हणून.

टोपणनं एक झाकण उचललं, दुसऱ्यावर ठेवलं, आणि नीट बसलंय का ते वाकून पाहिलं.

“मागच्या आठवड्यात,” आप्पांनी पुढे वाचलं, आणि थांबले. कागदावरून त्यांची नजर खाली आली होती, त्या एवढ्याशा पाठीवर. ते परत म्हणाले, “मागच्या आठवड्यात.” आता वाचत नव्हते. आणखी मोठ्यानं म्हणाले. कुत्र्यानं घर डोक्यावर घेतलं.

पाठ हलली नाही.

सूनबाईनं एकेकाकडे पाहिलं. नवऱ्यानं पाहिलं होतं. ताईनं पाहिलं होतं. आत्यांनी पाहिलं होतं, आणि त्या आता आपल्या बोटातली अंगठी फिरवत होत्या. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांनी एकमेकांना पाहताना पाहिलं होतं. आता कुणीतरी बोलेल, ती वाट बघत होती. कुणीही बोला.

“रमलाय,” नवरा म्हणाला.

“एकाग्रता दांडगी आहे,” आत्या म्हणाल्या. तोंडात कुणी दुसऱ्याचे शब्द कोंबल्यासारख्या.

ताई म्हणाली, “प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक...” आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

“त्याला ऐकू येत नाही,” सूनबाई म्हणाली.

पहिल्यांदा सायकल शिकताना ब्रेक सापडू नये तसं झालं. तोंडातून निघालं आणि पुढे गेलं.

“काय म्हणतेय ती?” आप्पांनी विचारलं. ते मागे वळले होते आणि कानावर हात धरला होता. “सूनबाई, काय म्हणालीस?”

नवरा पटकन म्हणाला, “काही नाही, आप्पा, नंतर बोलू.”

“तुला नाही विचारलं.”

ती उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांना ओठ दिसतील अशी. वर शेजारीण खिडकीत होतीच. मागे ताई होती. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि कारखान्यात बोलतात तसं बोलली.

“आप्पा, टोपण बहिरा आहे.”

वरची खिडकी हळूच बंद झाली.

आप्पांनी मान हलवली नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. “नाही,” ते म्हणाले. “माझ्याशी तर सगळं बोलतो तो. मी सांगितलेलं सगळं कळतं त्याला.”

“तुम्ही त्याला हातानं सांगता.”

“हातानं...” आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “हो. मी सगळ्यांनाच हातानं सांगतो.” मग ते गवतावर बसले, खुर्ची असताना, नातवाच्या मागे, आणि त्याच्या मानेकडे बघत राहिले. “मला वाटायचं, या घरात एक हाच आहे जो माझ्यावर ओरडत नाही.”

मग नवरा म्हणाला, “हिनं मला सांगितलं होतं. मीच गप्प बस म्हणालो.” तो हे आप्पांना सांगत नव्हता, ताईलाही नाही. “मला माहीत होतं. मी त्याच्यामागे किल्ल्या पाडून बघितल्या होत्या.”

“कधी?” सूनबाईनं विचारलं.

“थंडीत.”

तिला वाटलं त्याला ओरबाडावं. तिच्या टाळ्या आणि त्याच्या किल्ल्या. एकाच घरात, एकाच पोराच्या पाठीमागे, दोघं चोरासारखे.

“मीही गाणं म्हणून बघितलं होतं,” आत्या म्हणाल्या. “म्हटलं, बोलावं. मग म्हटलं, मी फटकळ, सगळ्यांना माझंच तोंड दिसतं. यावेळी शहाण्यासारखं गप्प राहू. जन्मात एकदा शहाणपणा केला, बघ पोरी.”

ताई अजून बसली होती. सूनबाई तिच्याकडे वळली तेव्हा तिला वाटलं होतं आता समज मिळेल, असं म्हणायचं नसतं, असं ठरवून टाकायचं नसतं. ताईच्या हातातलं पेन उघडंच होतं आणि शाई तिच्या बोटाला लागली होती.

“वहिनी, तू मला फोनवर विचारलं होतंस,” ताई म्हणाली. “बोलत नाही अजून, काय करू, म्हणून. आणि मी तुला म्हणाले, तुलना करू नकोस, त्याला त्याचा वेळ दे.”

“हो.”

“ऑफिसात रजा मागायला येतात त्यांत अशा मुलांचे आईबाप मी रोज बघते. मला तेव्हाच शंका आली होती. मी म्हटलं, मी कसं म्हणू? मी म्हटलं तर...” तिनं पेनाचं टोपण लावलं, नीट बसेना, परत लावलं. “वर्ष गेलं त्याचं.”

“सहा-सात महिने,” नवरा म्हणाला.

“कमी करून सांगू नकोस,” सूनबाई म्हणाली. “आणि ताई, तुम्ही रडू नका आत्ता. आत्ता मला तुमची गरज आहे. तुमच्या ओळखीत कानाचे डॉक्टर आहेत ना?”

ताईनं नाक पुसलं आणि फोन काढला. कामाला लागली की ती वेगळीच बाई होती. कुणाकुणाला फोन लावत ती कुंपणापर्यंत गेली, आणि पहिल्याच फोनवर, घुटमळत का होईना, तिनं तो शब्द उच्चारलेला सूनबाईनं ऐकला. आत्या सूनबाईच्या नवऱ्याला बाजूला घेऊन झापत होत्या, किल्ल्या पाडायची अक्कल होती तर बायकोला सांगायची कुठं गेली होती. नवरा ऐकून घेत होता. मघापर्यंत ही सगळी माणसं मनातून ताईच्या विरोधात एक होती. आता ज्यानं त्यानं आपापली बाजू शोधायची होती आणि कुणालाच ती सापडत नव्हती.

“उद्या दुपारी,” ताई परत येऊन म्हणाली. “तपासणी करतील. मग यंत्र की शस्त्रक्रिया, ते ठरेल. उशीर झालाय, पण फार नाही, असं म्हणाले. बघितल्याशिवाय जास्त बोलणार नाहीत.”

उशीर झालाय, पण फार नाही. सूनबाईनं ते वाक्य मनात दोनदा उलटसुलट करून बघितलं. त्यातला कुठला अर्धा भाग धरून रात्र काढायची ते तिला ठरवता येईना.

आप्पा अजून गवतातच होते. टोपणनं वळून त्यांना पाहिलं होतं आणि आता तो त्यांच्या मांडीवर झाकणं मांडत होता. आप्पांनी मांडी हलू दिली नाही.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले, “माफी झाली की मी त्या ऑपरेटरच्या घरी जाणार. तो कारखान्यात आला नाही तरी मी जाणार. त्याला विचारणार, यंत्र कुठून घेतलं. किती ऐकू येतं त्यातून. लहानपणापासून होतं का. शाळेत काय केलं त्यानं. दुखतं का.”

“असं एकदम विचारता येत नाही, आप्पा,” ताई म्हणाली. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. “म्हणजे, आधी विचारा, की विचारू का.”

“नाही म्हणाला तर?”

“तर परत या. तो म्हणूच शकतो.”

“दारातूनच हाकललं तर?”

“तर तेही बरोबरच आहे.”

आप्पांनी होकार दिला. त्यांना समजलं होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कुठलं मशिन का अडतंय ते शोधताना असायचा तसा भाव होता. सूनबाई त्यांच्यापाशी गवतावर बसली, त्यांच्या समोर.

“मी पण येते,” ती म्हणाली. “विचारायचं ते मी विचारीन.”

“तू कशाला? माझी चूक, माझं तोंड.”

“तो हळू बोलतो, आप्पा. मी पगाराच्या दिवशी कचेरीत ऐकलंय त्याला. त्याचं उत्तर तुम्हाला ऐकू यायचं नाही.”

नवरा बोलता बोलता थांबला. सासूबाई गेल्यापासून आप्पांना हे तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्या म्हणाल्या तेव्हाही आप्पांनी तीनदा ताट ढकलून दिलं होतं.

आप्पा सुनेकडे बघत राहिले. टोपणनं त्यांच्या गुडघ्यावर आणखी एक झाकण ठेवलं.

“भोंग्याच्या आधी तयार राहा,” ते म्हणाले. “आणि दुपारी, त्या डॉक्टरांकडे, एकाचं नाव दिलंय की दोघांचं चालेल, ते विचार ताईला.”